इलेक्ट्रिक कार की इलेक्ट्रिक स्कूटर? विजेच्या हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (विदर्भातल्या गावांसाठी)

गावात इलेक्ट्रिक स्कूटर दिसू लागल्या आहेत, तालुक्याच्या ठिकाणी एखाद-दोन इलेक्ट्रिक कारही. कुठली घ्यावी याची चर्चा कृषी केंद्रात निघो की लग्नाच्या पंगतीत, ती किमतीवर सुरू होते आणि किमतीवरच संपते. इथे हिशेब विजेचा आहे: तेवढ्याच विजेत कोण किती माणसं किती दूर नेतं. आकडे ढोबळ आहेत, सपाट डांबरी रस्त्याचे आणि रोजच्या वापरातले. गाडी, रस्ता आणि चालवणारा बदलला की तेही थोडे मागेपुढे होतात.

एका युनिटमध्ये कोण किती किलोमीटर जातं?

बिलावर लिहिलेलं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-अवर. घरच्या सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटवर नेहमीची इलेक्ट्रिक स्कूटर २५ ते ३५ किलोमीटर जाते. लहान इलेक्ट्रिक कार ७ ते ९ किलोमीटर जाते. पायडल मारत चालवायची ई-सायकल ७० किलोमीटरच्याही पुढे जाते. किलोमीटरमागे कारला स्कूटरच्या साडेतीन-चार पट वीज लागते.

बॅटऱ्यांच्या आकारातही मोठा फरक आहे. स्कूटरची बॅटरी साधारण ३ ते ४ युनिटांची असते. कारमध्ये टाटा टियागोची लहान बॅटरी १९.२ युनिटांची आणि एमजी कॉमेटची १७.३ युनिटांची आहे. विहिरीवरचा ५ एचपीचा पंप तासाला चार युनिटं खातो. म्हणजे पंपाच्या एका तासाच्या विजेत स्कूटर शंभर किलोमीटर फिरून येते आणि कार तीस-पस्तीस किलोमीटरवर थांबते.

मोटर दोन्हींत इलेक्ट्रिकच असते ना? मग एवढा फरक कसा पडतो?

मोटर दोन्हींत चांगलीच असते. दिलेल्या विजेपैकी ८५-९० टक्के वीज ती फिरण्यात बदलते. फरक पडतो तो मोटरला काय ओढावं लागतं यात.

रस्त्यावर गाडीला दोन गोष्टी मागे खेचतात. एक म्हणजे टायर आणि रस्ता यांचं घर्षण, जे वजनाबरोबर वाढतं. दुसरा वारा, जो वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा रोध चौपट होतो.

आता वजनं बघा. स्कूटर सव्वाशे किलोच्या आसपास, स्वार धरून १९०-२०० किलो. लहान कार आठशे ते बाराशे किलो, चार माणसं बसली की त्यात आणखी अडीचशे. एकटा माणूस कार घेऊन तालुक्याला निघतो तेव्हा त्या विजेचा मोठा भाग लोखंड, काचा आणि बॅटरी वाहून नेण्यात जातो. ६५ किलोच्या माणसासाठी हजार किलो सामान हलवायचं, हे मूळ दुखणं आहे. मोटर कितीही सुधारली तरी ते जात नाही.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र पुष्कळांचा अंदाज चुकतो. स्कूटर आकाराने लहान, म्हणून तिला वारा कमी लागत असेल, असं वाटतं. पण सरळ बसलेला माणूस, आरसे, पाय, उडणारा शेला, हा सगळा आकार हवेसाठी ओबडधोबड आहे. कार रुंद असली तरी तिचं अंग घोटीव असतं. त्यामुळे सारख्या वेगाला स्कूटर आणि लहान कार यांना होणारा हवेचा रोध जवळपास सारखाच भरतो. स्कूटरची बचत होते ती हलकेपणामुळे आणि कमी वेगामुळे.

यातून रोजच्या कामाची गोष्ट निघते. स्कूटरला ताशी ४५ किलोमीटरने किलोमीटरमागे ३० वॉट-अवरच्या (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट) आसपास लागत असतील, तर ६५ च्या वेगाला ४५ ते ५० लागतात. वर्धेहून हिंगणघाटला मोकळ्या रस्त्याने जाताना मूठ पूर्ण पिळली तर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाता येणारं अंतर, तिसरा हिस्सा तरी कमी होणारच. उलट मागे कुणाला बसवलं तर खर्च थोडाच वाढतो, कारण स्कूटरचा खर्च मुख्यतः वाऱ्याचा आहे, वजनाचा कमी.

पण कारमध्ये चार-पाच जण बसतात. माणशी हिशेब केला तर?

तसाच करायला पाहिजे. १०० किलोमीटरचा हिशेब धरू. कारला एकटा माणूस असताना १२.५ युनिटं लागतात. चार माणसं बसल्यावर ती १३.५ होतील, म्हणजे माणशी ३.४. स्कूटरला एकट्यासाठी ३.३ युनिटं लागतात. दोघं बसले तर एकूण ३.८, माणशी १.९.

थोडक्यात, भरलेली कार आणि एकट्या स्वाराची स्कूटर बरोबरीत आहेत. दोघं बसलेली स्कूटर सगळ्यांना मागे टाकते, आणि एकट्याने चालवलेली कार विजेच्या दृष्टीने सर्वात महाग. आजी-आजोबांसकट घरचे पाच जण लग्नाला निघाले असतील, तर कार नेण्यात विजेची उधळपट्टी नाही. पण किराणा आणायला, बँकेत, पंचायत समितीत एकट्याने जाताना कारच काढली तर तिचे सगळे फायदे वाया जातात.

माझ्याकडे पेट्रोलची बाईक आहे. पर्यावरणासाठी ती काढून इलेक्ट्रिक कार घ्यावी का?

या प्रश्नावर थोडं थांबू या, कारण जाहिरातीत याचं उत्तर मिळत नाही.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांएवढी ऊर्जा असते. इंजिन तिच्यातला पाव भाग जेमतेम चाकापर्यंत पोहोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. या बाबतीत इलेक्ट्रिक मोटर कितीतरी सरस. पण वीज सॉकेटमध्ये तयार होत नाही. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग विजेत उतरतो, आणि पुढे तारांत व ट्रान्सफॉर्मरमध्ये आणखी गळती होते. घरी एक युनिट पोहोचवायला कोळशातली तीन-साडेतीन युनिटांएवढी उष्णता जाळावी लागते.

आता एकट्या माणसाचा १०० किलोमीटर प्रवास बघू. लिटरला ५० किलोमीटर देणारी पेट्रोल बाईक २ लिटर जाळते: १८ युनिटांची उष्णता, ४.६ किलो कार्बन डायऑक्साइड. इलेक्ट्रिक कार १२.५ युनिटं घेते. त्यासाठी औष्णिक केंद्रात ४० च्या आसपास युनिटांची उष्णता जळते, आणि देशातल्या विजेच्या सरासरीने, गळती धरून, १० किलोच्या जवळ कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एकट्याची इलेक्ट्रिक कार एकट्याच्या पेट्रोल बाईकच्या दुप्पट जड पडते. पेट्रोलच्या शुद्धीकरणाचा आणि टँकरच्या वाहतुकीचा खर्च जोडला तरी हा क्रम बदलत नाही.

पेट्रोल कारच्या जागी इलेक्ट्रिक कार घेतली तर नक्कीच फायदा आहे. पेट्रोल कार तेवढ्याच अंतराला साडेतेरा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. आणि पेट्रोल बाईकच्या जागी इलेक्ट्रिक स्कूटर आली तर ४.६ किलोचे पावणेतीनच्या आसपास होतात. बाईकवरून कारवर जाताना मात्र, ती विजेची असली तरी, खर्च वाढतोच. कार सोयीसाठी, पाऊस-उन्हासाठी, घरच्यांसाठी घ्या, त्यात काही वावगं नाही. फक्त ती ऊर्जा वाचवते असं समजून घेऊ नका.

या हिशेबात विदर्भाचं वेगळं काय?

राज्याची वीज मोठ्या प्रमाणात आपल्याच अंगणात तयार होते. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे आणि गोंदिया जिल्ह्यातलं तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं. नागपूर जिल्ह्यात कोराडी, खापरखेडा आणि मौदा, अकोला जिल्ह्यात पारस. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीही इथल्याच. वापरल्या जाणाऱ्या कोळशात ३०-४० टक्के राख असते. राखेचे तलाव आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यात कपाशीच्या रानावर उडणारी राख मुंबई-पुण्याला दिसत नाही, या केंद्रांभोवतीच्या गावांना दिसते.

त्यामुळे युनिटाची बचत आपल्याकडे बिलापुरती राहत नाही. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्या कारला १,२५० युनिटं लागतात. ती सगळी कोळशाची धरली तर साधारण एक टन कोळसा जळतो आणि तीनशे ते चारशे किलो राख उरते. स्कूटर तेवढंच अंतर गेली तर राख शंभर किलोच्या आत राहते. ही राख कुठल्या तरी गावाच्या शिवारात पडते, आणि ते गाव आपल्याच जिल्ह्यातलं किंवा शेजारच्या जिल्ह्यातलं असतं. म्हणून हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो.

छतावर सोलर बसवलं तर कारचा दोष जातो का?

बराचसा जातो. आपल्याकडे ऊन भरपूर आहे. १ किलोवॉटचं पॅनल वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतं. एवढ्यात स्कूटरचे शंभरावर किलोमीटर होतात, कारचे तीसेक. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरवलं आहे.

नेट मीटर असला की दिवसा तयार झालेली वीज तारेवर चढते आणि रात्री तुम्ही परत घेता, त्यामुळे गाडी दुपारी घरीच उभी पाहिजे असं बंधन राहत नाही. तरी हलक्या गाडीचा फायदा सोलरवरही उरतोच, कारण उरलेल्या युनिटांत घरातले कूलर आणि फ्रिज चालतात.

कंपनीने सांगितलेली रेंज मिळत का नाही?

जाहिरातीतला आकडा ठरलेल्या चाचणीचा असतो: ठरलेला वेग, ठरलेलं तापमान, ठरलेलं वजन. तो खोटा नसतो, पण आपला रस्ता तसा नसतो. ७० ते ७५ टक्के धरून चाला, कार असो की स्कूटर. शिवाय चार्जिंग करताना १०-१५ टक्के वीज चार्जर आणि बॅटरीच्या उष्णतेत जाते. ती रेंजमध्ये दिसत नाही, बिलात दिसते.

मे महिन्यात ४५-४६ अंशांत काय होतं?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बॅटरीची काळजी घ्यावीच लागते. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. भर उन्हात चालवून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. टिनाच्या शेडमध्ये दुपारी चार्ज करणं टाळा, तिथली हवा बाहेरच्यापेक्षाही तापलेली असते. चार्जिंगला पहाटेची वेळ उत्तम.

कारची बॅटरी थंड ठेवायची सोय बहुधा स्कूटरपेक्षा बरी असते. पण उन्हाळ्यात कारचा खरा खर्च एसीचा आहे. एसी एक ते दीड किलोवॉट ओढतो आणि हा खर्च तासावर असतो, किलोमीटरवर नाही. ताशी ६० ने जाताना किलोमीटरमागे २० वॉट-अवर वाढतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर वेग ३० वर आला की तोच खर्च ४० होतो, म्हणजे एकटा एसी एका स्कूटरपेक्षा जास्त वीज खातो. गावाकडच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात कारची रेंज इतकी का घसरते, त्याचं मोठं कारण हेच.

२०२२ मध्ये काही स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले गेले. जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती त्याआधीची आहे का ते आधी विचारा. गाडी झोपायच्या खोलीत किंवा कापसाच्या गंजीजवळ चार्ज करू नका.

पांदण रस्त्यावर चालेल का?

उन्हाळ्यात दोन्ही चालतील. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत दोन्ही अडकतील. चिखलात चाक रुतलं की घर्षण कितीतरी पटींनी वाढतं, आणि किलोमीटरमागे किती युनिटं हा प्रश्नच उरत नाही. स्कूटरची चाकं लहान असतात, त्यामुळे ती गाळात मोटारसायकलपेक्षा लवकर बसते. शेत पांदणीच्या टोकाला असेल आणि रोज जावं लागत असेल, तर मोठ्या चाकांची इलेक्ट्रिक मोटारसायकल बघा किंवा सध्याची बाईक ठेवा. मी कुणालाही अशा वापरासाठी इलेक्ट्रिक स्कूटर सुचवणार नाही.

दुधाचे कॅन, खताची पोती रोज न्यायची असतील तर इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकीचा विचार करा. स्कूटरवर दोन्ही बाजूंनी ओझं टांगलं तर वीज फार वाढत नाही, पण ब्रेक आणि तोल बिघडतो.

चिखलदऱ्याच्या घाटात?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला साधारण सातशे मीटर वर चढायचं आहे. चढाचा खर्च सरळ वजनावर बसतो. माणसांसकट साडेचौदाशे किलोची कार तेवढी वर न्यायला पावणेतीन युनिटं लागतात. दोघं बसलेली अडीचशे किलोची स्कूटर असेल तर अर्धं युनिट. शिवाय रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा.

उतरताना मोटर उलटी चालून बॅटरीत वीज परत भरते. कार यात चांगली आहे, चढाला गेलेल्या विजेतली निम्म्याच्या वर परत देऊ शकते. स्कूटरमध्ये हे प्रमाण कमी असतं. मात्र वर जाऊन बॅटरी पूर्ण भरली आणि लगेच उतरायला लागलात, तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते. वर भरायचीच असेल तर थोडी कमी भरा.

घरच्या वायरिंगवर दोन्ही चार्ज होतात का?

स्कूटरचा चार्जर साधारण पाऊण ते एक किलोवॉटचा असतो. चांगला अर्थिंग असलेलं १५ अँपिअरचं सॉकेट त्याला पुरतं. कार त्याच सॉकेटवर अडीच-तीन किलोवॉट सलग सात-आठ तास ओढते. जुन्या घरातली बारीक वायर त्याने तापते, म्हणून कारसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी घ्या. तुमचा मंजूर भार बिलावर लिहिलेला असतो. तो एक किलोवॉट असेल तर कार घेण्याआधी महावितरणकडे वाढवून घ्या. गावाच्या टोकाला व्होल्टेज कमी येत असेल तर कारचं चार्जिंग मध्येच थांबतं, हेही लक्षात असू द्या.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर चार्ज केली तर?

करू नका. पंपासाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतं आणि दंडासह आकारणी होते. आकोडा टाकणं तर कलम १३५ खाली चोरीच.

बिल किती वाढेल?

दर बदलत राहतात, म्हणून स्वतःच्या बिलावरचा स्लॅब बघा. स्कूटर महिन्याला १,००० किलोमीटर चालली तर ३५ युनिटांच्या आसपास वाढतील, कार तेवढीच चालली तर १२५. घरचा वापर ६० युनिटं असेल तर स्कूटर आल्यावरही तुम्ही १०० युनिटांच्या आत राहता. कार आली की १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये जाता आणि शंभरावरच्या युनिटांना जास्त दर लागतो. म्हणजे कारची वीज चौपट लागते, पण पैसे चौपटीहूनही जास्त.

लायसन्स, नोंदणी लागते का?

मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असलेल्या गाडीला लागत नाही. त्यावरच्या सगळ्यांना लागते.

समृद्धी महामार्गावर कुठली न्यावी?

दुचाकीला तिथे परवानगीच नाही. कार न्याल तर ताशी १०० च्या पुढे वाऱ्याचा रोध फार वाढतो. ८० च्या आसपास ठेवली तर त्याच चार्जमध्ये बरंच जास्त अंतर जाता येईल.

आणि एसटी?

फार कमी लोक हा प्रश्न विचारतात, पण विचारायला हवा. डिझेलची एसटी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते आणि लिटरभर डिझेलमध्ये १० युनिटांएवढी ऊर्जा असते. चाळीस प्रवासी बसले तर १०० किलोमीटरला माणशी साडेपाच युनिटांएवढी उष्णता लागते. एकट्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरमागे कोळशाची उष्णता याच्या दुप्पट, ११ युनिटांच्या घरात जाते. गावाला वेळेवर येणारी, भरून जाणारी एसटी असेल तर ई-सायकल सोडून या सगळ्या गाड्यांत तीच पहिली. गाड्या घेण्याबरोबर फेरी टिकवण्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव करणंही तेवढंच उपयोगाचं आहे.

मग आमच्या घराने काय घ्यावं?

रोजचं जाणं-येणं ४०-५० किलोमीटरच्या आत, डांबरी रस्त्याने, एक-दोन माणसांचं असेल तर स्कूटर. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना पाच-सात किलोमीटरसाठी ई-सायकल पुरते. घरात पेट्रोल-डिझेलची कार आधीच असेल आणि ती बदलायची वेळ आली असेल, छतावर सोलर असेल, तर इलेक्ट्रिक कार घ्यावी. आठवड्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्या कारसाठी मोठी बॅटरी विकत घेऊन अंगणात उभी करण्यापेक्षा गावातली भाड्याची गाडी करणं ऊर्जेच्या दृष्टीने बरं. बॅटरी बनवतानाही प्रत्येक युनिट क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि कारची बॅटरी स्कूटरच्या पाच-सहापट असते.

आमची गाडी खरंच किती खाते, हे घरी कसं मोजायचं?

गाडीच्या पडद्यावरचा आकडा बॅटरीपासूनचा असतो, चार्जिंगमधली गळती त्यात येत नाही. म्हणून मोजणी भिंतीपाशी करा. इलेक्ट्रिकच्या दुकानात सॉकेटमध्ये लावायचा छोटा युनिट मीटर मिळतो. स्कूटरला तो चालतो, कारसाठी वेगळ्या वायरवर सब-मीटर बसवा. बॅटरी पूर्ण भरा, गाडीचं रीडिंग लिहा, आठवडाभर नेहमीसारखी वापरा आणि चार्ज करताना दर वेळी युनिटं टिपून ठेवा. शेवटी पुन्हा पूर्ण भरून एकूण युनिटांनी किलोमीटरला भागा. सोबत टायरची हवा तपासा. हवा कमी असेल तर आकडा लगेच खाली येतो. स्कूटर २५ च्या खाली किंवा कार ६ च्या खाली येत असेल तर आधी वेग, मग हवा, मग ब्रेक घासतो का ते बघा आणि त्यानंतरच सर्व्हिस सेंटरला न्या. हीच मोजणी मे महिन्यात एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा करा, दोन्ही आकडे वेगळे येतील.